हिमगौरीची भीती : १९३७च्या एका रूपांतराचा प्रकरण अभ्यास

ग्रिम बंधूंच्या गोष्टीत हिमगौरीच्या लग्नाला सावत्र आई येते, तेव्हा तिच्यासाठी लोखंडी जोडे निखाऱ्यांवर तापत ठेवलेले असतात. चिमट्याने धरून ते तिच्यापुढे आणतात. लालबुंद जोडे पायात घालून तिला नाचावं लागतं, आणि मरून पडेपर्यंत ती नाचते. मूळ गोष्ट संपते ती इथे.

आपण मराठीत ही गोष्ट 'हिमगौरी आणि सात बुटके' या नावाने वाचली. लहानपणी माझ्या हाती आलेल्या पुस्तकात जोडे नव्हते, फक्त लग्न होतं. जोड्यांचा पत्ता लागला तो फार पुढे, मोठेपणी. तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे: गोष्ट मुलांपर्यंत नेताना त्यातलं काय काढावं आणि काय अजिबात काढू नये? या प्रश्नाचा सविस्तर अभ्यास करायला 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' या १९३७च्या चित्रपटासारखं दुसरं प्रकरण मला सापडलेलं नाही. तिथे प्रत्येक निर्णय पैसे, वेळ आणि शेकडो माणसांची मेहनत पणाला लावून घ्यावा लागला होता. 'चालतंय की' म्हणून सोडून देण्याची सोयच नव्हती.

परिस्थिती

साल १९३४, ठिकाण लॉस एंजेलिस. वॉल्ट डिस्नी बत्तीस वर्षांचे होते आणि त्यांचा स्टुडिओ सात-आठ मिनिटांची कार्टून काढत होता. मुख्य चित्रपटाआधी दाखवायची, लोकांनी हसून विसरून जायची अशी ती कार्टून. (त्याच साली आपल्याकडे प्रभातने 'जंबूकाका' नावाचं छोटं कार्टून काढलं होतं, गोष्टीतला कोल्हा पडद्यावर आणावा असं पुण्यातही कुणाला तरी वाटत होतं.) एका संध्याकाळी डिस्नींनी आपल्या ॲनिमेटरांना जेवणासाठी पैसे देऊन बाहेर पाठवलं आणि ते परत आल्यावर त्यांना समोर बसवून हिमगौरीची गोष्ट सांगितली. राणी, बुटके, चेटकीण, सगळ्यांचे आवाज आणि हावभाव स्वतः करून दाखवले. त्या रात्री तिथे बसलेली मंडळी पुढे आयुष्यभर त्या सांगण्याची आठवण काढत राहिली.

मला या प्रकरणाची सुरुवात इथूनच करावीशी वाटते, कारण चित्रपटाचा पहिला मसुदा कागदावर लिहिला गेला नाही, तो तोंडी सांगितला गेला. आजी ओट्यावर बसून सांगते तसा, समोरच्यांचे चेहरे वाचत.

अडचण वेगळीच होती. सलग तासाभराहून जास्त वेळ हाताने काढलेली चित्रं कुणी बघेल का? आठ मिनिटं हसवणं निराळं आणि ऐंशी मिनिटं जीव गुंतवून ठेवणं निराळं. हॉलिवूडमध्ये या उद्योगाला 'डिस्नीचा वेडेपणा' म्हणत. सुरुवातीला खर्चाचा अंदाज अडीच लाख डॉलरचा होता; प्रत्यक्षात तो जवळपास पंधरा लाखांवर गेला. शेवटी शेवटी बँकेला अर्धवट चित्रपट दाखवून कर्ज काढावं लागलं.

हाती आलेली गोष्ट

ग्रिम बंधूंच्या संग्रहात ही गोष्ट ५३व्या क्रमांकावर आहे. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली राणी तिची सख्खी आई आहे. १८१९च्या आवृत्तीत ग्रिमांनी तिला सावत्र केलं. म्हणजे ही गोष्ट मुलांना सोसावी म्हणून तिच्यात फेरफार करण्याचं काम डिस्नींच्या शंभरेक वर्षं आधीच सुरू झालं होतं, आणि ते खुद्द ग्रिमांनीच केलं होतं. 'मूळ गोष्ट बिघडवली' असं म्हणण्याआधी हे लक्षात ठेवायला हवं.

त्या गोष्टीत हिमगौरी सात वर्षांची आहे. राणी शिकाऱ्याला तिची फुप्फुसं आणि यकृत आणायला सांगते आणि ते मीठ घालून शिजवून खाते (शिकाऱ्याने आणलेले अवयव रानडुकराच्या पिल्लाचे असतात, हे तिला ठाऊक नसतं). बुटक्यांना नावं नाहीत, स्वभाव नाहीत. पण एक तपशील फार गोड आहे. हिमगौरी सातव्या बुटक्याच्या पलंगावर झोपी जाते, म्हणून तो बिचारा प्रत्येक सोबत्याच्या पलंगावर एकेक तास झोपून रात्र काढतो. कुणीही तिला उठवत नाही. सात जणांबद्दल गोष्टीला जे सांगायचं आहे ते एवढ्यात सांगून होतं.

मग राणी वेश पालटून येते. एकदा नव्हे, तीनदा. पहिल्यांदा चोळीची नाडी विकायला येते आणि ती इतकी घट्ट आवळते की पोरीचा श्वास कोंडतो. दुसऱ्यांदा विषारी फणी घेऊन येते, तिसऱ्यांदा सफरचंद. दर वेळी बुटके बजावतात की दार उघडू नकोस, आणि दर वेळी ती ऐकत नाही.

हे वाचताना मराठी माणसाला चिमणी-कावळा आठवल्याशिवाय राहत नाही. 'चिऊताई चिऊताई, दार उघड.' 'थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते.' पुन्हा टकटक, पुन्हा 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते.' तोंडी गोष्टीचा जीव या पुनरावृत्तीत असतो. ऐकणाऱ्या पोराला पुढे काय येणार हे ठाऊक असतं आणि त्याच आनंदात ते पुढचं वाक्य आपल्याआधी म्हणून टाकतं. हिमगौरीच्या गोष्टीत हाच खेळ भीतीने भरलेला आहे. पोर ओरडतं, 'उघडू नको!' आणि ती उघडते.

चित्रपटाने तीन फेऱ्यांची एक केली. नाडी गेली, फणी गेली, सफरचंद राहिलं. मला हे वाचताना हळहळ वाटते, पण पडद्यावर ते का जमलं नसतं हेही कळतं. सांगणारा तिसऱ्या वेळी आवाज खाली आणतो, मध्येच थांबतो, पोराकडे बघतो. पडद्याला ऐकणाऱ्याकडे बघता येत नाही. तिथे तीच घटना तीनदा घडली तर तिसऱ्या वेळी हिमगौरी भोळी न वाटता मूर्ख वाटली असती, आणि बुटके निष्काळजी.

मग रिकामी झालेली जागा भरली कशाने? माझं म्हणणं असं की ती सोबतीने भरली. या रूपांतराचं सगळं मर्म मला तिथेच दिसतं.

सात जण, सात स्वभाव

१९३३ साली याच स्टुडिओने तीन डुकरांच्या गोष्टीवर छोटं कार्टून केलं होतं. तिन्ही डुकरं दिसायला जवळजवळ सारखी, तरी चालण्यावरून, हात हलवण्यावरून कोण कसा हे ओळखू यायचं. पात्राचा स्वभाव त्याच्या हालचालीतून सांगता येतो, हे तिथे सिद्ध झालं. बुटक्यांसाठी तेच वापरायचं होतं, फक्त सातपट.

नावं ठरवायला बराच काळ गेला. बहिरा, टकला, उड्या मारणारा असे कितीतरी पर्याय यादीत येऊन गेले. शेवटी राहिले डॉक, ग्रम्पी, हॅपी, स्लीपी, बॅशफुल, स्नीझी आणि डोपी. पुढारपण करताना शब्दांत अडखळणारा, सदा कुरकुरणारा, हसरा, पेंगुळलेला, लाजरा, शिंकणारा आणि एक मुका. डोपीला शोभेल असा आवाज काही सापडेना, तेव्हा तो बोलतच नाही असं ठरलं. अडचणीतून निघालेली ही वाट लहान मुलांच्या फार उपयोगी पडली. चित्रपट पाहणाऱ्या सगळ्यांत लहान पोरालाही पडद्यावर आपल्यासारखा कुणीतरी मिळाला, ज्याला बोलता येत नाही पण सगळं कळतं.

मात्र या सातांमध्ये खरी गोष्ट ग्रम्पीची आहे. बिल टायटला या ॲनिमेटरने त्याचं बरंच काम केलं. सुरुवातीला हा पोरीला घरात ठेवायलाच तयार नसतो. बाकीचे हातपाय धुवायला जातात तेव्हा हा बाजूला हाताची घडी घालून बसतो, आणि शेवटी सगळे मिळून त्याला उचलून पाण्यात बुचकळतात. सकाळी कामाला जाताना 'कुणाला घरात घेऊ नकोस' हे तोच तिला बजावतो. ती त्याच्या डोक्यावर ओठ टेकवते आणि तो रागारागाने निघून जातो. चार पावलांवर त्याचा चेहरा विरघळतो. पुढे संकट आल्याचं कळताच घराकडे धाव घेणाऱ्यांत तोच सगळ्यांच्या पुढे असतो. ग्रिमांच्या गोष्टीत तीनदा दिलेली ताकीद होती. इथे एकदाच दिलेली ताकीद आहे, पण ती देणारा माणूस आपल्या ओळखीचा झालेला आहे.

भीती

राणीच्या माणसाच्या हातून सुटून हिमगौरी जंगलात पळते तो प्रसंग मी कितीदा पाहिला असेल सांगता येत नाही. फांद्यांचे हात होतात, झाडांना तोंडं फुटतात, पाण्यातले ओंडके मगरी होऊन जबडे उघडतात, अंधारात जिकडेतिकडे डोळेच डोळे. ती धडपडते आणि जमिनीवर पडून रडू लागते. मग अंधार जरा फिका होतो आणि तेच डोळे हळूहळू जवळ येतात. ससे, हरणं, पाखरं. तिच्या इतकेच तेही बिचकलेले. ती डोळे पुसते आणि उगाच एवढा गोंधळ घातला म्हणून त्यांची माफी मागते.

माझी भाची पहिल्यांदा हा प्रसंग पाहत होती तेव्हा तिने कान झाकले होते, डोळे मात्र टक्क उघडे. ससा पुढे आल्यावर तिने एक हात खाली घेतला. दुसरा तसाच.

पुढे अंधारकोठडीतला सांगाडा आहे, राणीची चेटकीण होतानाचे वाकडे होत जाणारे हात आहेत, विषात बुडवलेल्या सफरचंदावर उमटणारी कवटी आहे. यातलं काहीही सौम्य केलेलं नाही. राणी आणि चेटकीण या दोघींना आवाज एकाच नटीचा, ल्युसिल ला व्हर्न हिचा. चेटकिणीचा आवाज काढायला तिने तोंडातली कवळी काढून ठेवली, असं सांगतात. ब्रिटनमध्ये १९३८ साली सेन्सॉर मंडळाने चित्रपटाला 'ए' प्रमाणपत्र दिलं, म्हणजे मुलांनी तो मोठ्या माणसासोबतच पाहायचा. बऱ्याच ठिकाणच्या स्थानिक अधिकाऱ्यांनी ती अट आपल्या अधिकारात सैल केली.

सेन्सॉरची काळजी मला खोटी वाटत नाही. लहान पोर रात्री दचकून उठलं तर त्याला थोपटणारी आईच असते, मंडळ नव्हे. तरीही हा प्रसंग ठेवला हे योग्यच झालं, असं माझं ठाम मत आहे. भोपळ्यातल्या म्हातारीच्या गोष्टीतून वाघ काढून टाकला तर 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' म्हणण्यात काय उरतं? पोराला वाघ हवा असतो, कारण त्याला भोपळा हवा असतो. जंगलाच्या प्रसंगात ससा नसता तर तो प्रसंग मुलांना दाखवण्याजोगा राहिला नसता. आणि अंधार नसता तर सशाला काही किंमत उरली नसती.

तापलेले जोडे मात्र गेले, आणि तेही बरोबरच. भीती सोसणं वेगळं आणि दुसऱ्याचा छळ टाळ्या वाजवत पाहणं वेगळं. चित्रपटात चेटकीण कड्यावर चढते, बुटक्यांवर मोठा धोंडा लोटायला जाते, वीज पडून कडा तुटतो आणि ती खाली जाते. वर बसलेली दोन गिधाडं एकमेकांकडे बघतात आणि घिरट्या घालत सावकाश धुक्यात उतरतात. तिचं काय झालं हे कुणी दाखवत नाही. बुटक्यांच्या हातांना रक्त लागत नाही.

कापलेलं सूप

एका निर्णयावर थोडं थांबावंसं वाटतं. वॉर्ड किंबल या तरुण ॲनिमेटरने बुटके सूप पितात असा प्रसंग कित्येक महिने खपून तयार केला होता. फुरके, चमच्यांची वाद्यं, गाणं, सगळं. हसून हसून पोट दुखावं असा. डिस्नींनी तो काढून टाकला. बुटके तिच्यासाठी पलंग करतात तो प्रसंगही गेला. कारण एकच होतं. तोवर प्रेक्षकाला राणी विषाची तयारी करते आहे हे कळलेलं असतं, आणि तिकडे लक्ष लागलेलं असताना इथे सूप पीत बसायला कुणाला जमत नाही.

गोष्ट सांगणाऱ्या कुणालाही यातली कळ समजेल. आपण मुलांना गोष्ट सांगताना त्यांना हसवणारा एखादा तुकडा सापडतो, मग तो वाढवत नेतो, आणि मध्येच पोर विचारतं, 'पण ती म्हातारी कुठपर्यंत आली?' ते पोर बरोबर असतं. या कापलेल्या प्रसंगाची पेन्सिलीची रेखाटनं शिल्लक राहिली, पुढे लोकांना दाखवलीही गेली. ती पाहिली की किंबलच्या दुःखाची कल्पना येते.

राजपुत्राचं काय? तो या चित्रपटाची सर्वांत कच्ची बाजू आहे, हे मान्य करायला हवं. माणसाची खरीखुरी चाल काढणं तेव्हा फार अवघड होतं. १९३४च्या एका छोट्या कार्टूनमध्ये त्यांनी मुलीची आकृती काढून पाहिली होती आणि तिचे हात रबरासारखे वळत होते. हिमगौरीसाठी मार्जोरी बेल्चर या नाचणाऱ्या मुलीला कॅमेऱ्यापुढे चालायला, गिरकी घ्यायला लावून तिच्या हालचालींचा आधार घेतला. राजपुत्र मात्र तेवढ्यानेही उभा राहिना, म्हणून त्याचे प्रसंग कमी केले. तो सुरुवातीला येतो आणि शेवटी येतो. शेवटचं चुंबनही या गोष्टीतलं नाही. ते निद्रिस्त राजकन्येच्या गोष्टीतून आलं. ग्रिमांकडे शवपेटी वाहणाऱ्यांचा पाय झुडपात अडखळतो, धक्का बसतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. मला तो अपघात जास्त आवडतो. कुणाचाही पराक्रम नाही, नुसती ठेच.

तंत्राबद्दल थोडक्यात. चित्रपट ८३ मिनिटांचा आहे आणि पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम सरकतात. हिशेब केला तर सुमारे १ लाख १९ हजार फ्रेम होतात. सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावांवर शाई आणि रंग भरण्याचं काम प्रामुख्याने बायकांनी केलं. हिमगौरीच्या गालावरची फिकट लाली सपाट रंगाने येईना, तेव्हा त्यांनीच ती हाताने, एकेका तावावर, जागा चुकू न देता लावली. चित्रांचे थर एकामागे एक ठेवून खोली दाखवणारा मल्टिप्लेन कॅमेराही इथे वापरला. त्याची तालीम एका जुन्या पवनचक्कीवरच्या छोट्या चित्रपटात झाली होती.

रडणं

२१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल चित्रपटगृहात पहिला खेळ झाला. समोर चित्रपटसृष्टीतली नामांकित मंडळी बसली होती. कार्टून बघून ती रडली.

ज्या प्रसंगाला रडली तो फ्रँक थॉमस या ॲनिमेटरने हाताळला होता. झोपडीत हिमगौरीला आडवं ठेवलं आहे, उशापायथ्याशी मेणबत्त्या. बुटके गोल उभे. जवळपास काहीच हलत नाही. ज्या माध्यमाचा सगळा डोलारा हालचालीवर उभा, तिथे हलणं जवळजवळ थांबवलं आहे. एकाच्या गालावरून थेंब ओघळतो. डोपी डॉकच्या खांद्यात तोंड खुपसतो. आणि ग्रम्पी, ज्याने तिला घरात घ्यायला नकार दिला होता, तो सगळ्यांकडे पाठ करून रडतो.

बाहेर पाऊस. मग पडद्यावर अक्षरं येतात की तिला पुरायला त्यांचं मन होईना, म्हणून त्यांनी काच आणि सोन्याची पेटी केली. पानं गळतात, बर्फ पडतं, मोहोर येतो. इतका वेळ कुणी कुणाची समजूत काढत नाही, 'सगळं ठीक होईल' असं म्हणत नाही. लहान मुलांसाठी केलेल्या चित्रपटात शोकाला एवढी सलग जागा देण्याचं धाडस मला आजही मोठं वाटतं.

पहिल्याच फेरीत चित्रपटाने सुमारे ८० लाख डॉलर मिळवले आणि त्या पैशांतून बरबँकला नवा स्टुडिओ उभा राहिला. १९३९च्या ऑस्कर समारंभात दहा वर्षांच्या शर्ली टेम्पलच्या हस्ते डिस्नींना खास पुरस्कार दिला गेला: एक पूर्ण आकाराची बाहुली आणि उतरत्या पायऱ्यांवर सात छोट्या.

घरी गोष्ट सांगताना मी आता दोन्हींची सरमिसळ करते. ग्रम्पी ठेवते, कारण त्याच्याशिवाय भाची पुढे सरकूच देत नाही. नाडी आणि फणी परत आणते, म्हणजे दार तीनदा वाजतं आणि तिला तीनदा ओरडता येतं. जोडे सांगत नाही. आणि चित्रपटातून गळलेला ग्रिमांचा एक तपशील न चुकता घालते. काचेच्या पेटीपाशी तीन पक्षी येऊन रडून जातात. आधी घुबड, मग डोमकावळा, शेवटी पारवा. परवा इथपर्यंत आले तेव्हा भाची अर्धवट झोपेत होती. तिला वाटलं यादी अजून संपलेली नाही. तिने विचारलं, 'मग चिमणी?'

मी म्हटलं, हो, मग चिमणी आली.